जानेवारीत म्हसवड–आटपाडीच्या माळावर सूर्योदय: जमीन काळी, सूर्य टिकलीएवढा. काय चुकतंय?

उघडा_माळ यांचा प्रश्न:

मंडळी, माणदेशातल्या म्हसवड ते आटपाडी पट्ट्यातला मोकळा माळ जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे टिपायचा आहे. गड नको, घाट नको. नुसता माळ, एखादी बाभळ, शालूची (रब्बी ज्वारीची) रानं, घायपातीचे बांध आणि क्षितिज.

सामान: 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर डीएसएलआर, किटची 18-55 लेन्स, एक 70-300, आणि हलका अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड. फिल्टर एकही नाही.

अडचणी अशा. आकाशाला रंग आला की जमीन डांबरासारखी काळी येते आणि जमीन उजळवली की आकाश पांढरं फटक. सूर्य डोळ्यांना परातीएवढा दिसतो, फोटोत टिकलीएवढा येतो. तांबडाबुंद दिसणारा सूर्य कॅमेऱ्यात पिवळा होतो. पहाटेच्या अंधारात फोकस लागत नाही. आणि सातच्या सुमाराला लेन्सवर दहिवर धरतं, ते पुसलं की उलट फराटे उठतात.

किती वाजता पोचायचं आणि कशात काय बदलायचं ते नेमकं सांगा. "प्रकाश अनुभवा" छापाचे सल्ले भरपूर वाचून झालेत.

---

तिपाई:

वेळेपासून सुरू करतो, कारण निम्मं तिथेच हुकतं.

म्हसवडला 1 जानेवारीला सूर्योदय 7 वाजून 1 मिनिटाच्या आसपास आणि 15 तारखेला 7:05 च्या आसपास. साताऱ्याची वेळ बघून निघत असाल तर म्हसवडला साधारण तीन मिनिटं आधी उगवतो हे धरा. पण सूर्योदय ही कामाची वेळच नाही, ती कामाची मधली सुट्टी समजा. क्षितिजाखाली सूर्य 6 अंशांवर असतो तेव्हापासून, म्हणजे उगवतीच्या 23-24 मिनिटं आधीपासून, जमीन आणि आकाश यांच्यातला फरक कॅमेऱ्याला झेपण्याइतका कमी असतो. 6:38 ते 6:55 ही तुमची पहिली वेळ. तिच्याआधी चौकट ठरवून, ट्रायपॉड रोवून, फोकस लावून झालेलं हवं, म्हणून 6 वाजता माळावर पाय. साताऱ्याहून पहाटे गाडी मारत येण्यापेक्षा गोंदवले किंवा म्हसवडला मुक्काम करा. आदल्या दिवशी दुपारी उजेडात जागा बघून ठेवा, अंधारात बाभळी सगळ्या सारख्याच दिसतात.

दुसरी वेळ उगवल्यानंतरची, आणि ती बहुतेक जण कॅमेरा पिशवीत घालून वाया घालवतात. सूर्य 3 अंश वर येतो तेव्हा (सूर्योदयानंतर साधारण 18 मिनिटांनी) कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या 19 पट असते. फूटभर ढेकळाला 19 फूट सावली. 10 अंशांवर, म्हणजे पाऊण तास उलटून गेल्यावर, तीच साडेपाच-सहा पटीवर येते. नांगरटीच्या तासांचा आणि कापलेल्या रानातल्या बुडख्यांचा पोत या अर्ध्या तासातच दिसतो. मात्र त्यासाठी सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही. उत्तरेला किंवा दक्षिणेला वळा, म्हणजे प्रकाश आडवा लागेल.

आता काळी जमीन. सेटिंग हे घ्या: रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आयएसओ 100, एफ 8 (लेन्सच्या छिद्राचा आकडा), व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का. ऑटो ठेवलात तर कॅमेरा पहाटेचा निळा आणि नंतरचा तांबूस, दोन्ही "दुरुस्त" करून टाकतो. रॉमध्ये ते मागाहून बदलता येतं, पण रानात पडद्यावर बघून तुमचा अंदाज चुकतो. पहिल्या वेळेच्या सुरुवातीला शटर 20-30 सेकंदांपर्यंत जाईल आणि उगवतीपर्यंत 1/15 ते 1/60 वर येईल. हे आकडे ढगांवर हलतात. दर दोन मिनिटांनी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, आणि तोही लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा. पांढरा एकच आलेख ठीक दिसतो तेव्हा लाल कधीच उजवीकडे जाऊन आदळलेला असतो.

तुमच्या पिवळ्या सूर्याचं कारणही हेच. लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला पोचली की ती तिथेच थांबते, हिरव्याची मात्र वाढत राहते. लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा. शटर एक ते दोन स्टॉप वेगवान करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), तांबडा परत येतो.

सूर्य चौकटीत असेल तर एका फोटोत सगळं बसवायचा हट्ट सोडा. तीन फोटो घ्या: मधला मीटरप्रमाणे, एक 2 स्टॉप कमी, एक 2 स्टॉप जास्त. एफ बदलू द्यायचा नाही, फक्त शटर. नंतर जोडताना जमीन आकाशापेक्षा दीड-दोन स्टॉप काळोखीच ठेवा. दोन्ही सारखे उजळ केले की माळ लग्नाच्या मांडवासारखा दिसतो.

फोकस: अंधारात ऑटो फोकस विसरा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) 10 पट मोठा करा. ट्रायपॉडपासून तीन पावलांवर, म्हणजे दोन मीटरच्या थोडं पुढे, एखादा दगड बॅटरीने उजळा, त्यावर फोकस लावा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. क्रॉप सेन्सरवर 18 एमएम आणि एफ 8 ला हायपरफोकल अंतर 2 मीटर येतं, म्हणजे एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट. नंतर झूमला हात लावू नका. किटच्या लेन्सचा फोकस झूमबरोबर सरकतो, आणि ते घरी येऊन कळतं. एफ 16 च्या मागे लागायची गरज नाही. या सेन्सरवर एफ 11 च्या पुढे फोटो मऊ पडायला लागतो. अपवाद एकच: सूर्य फांदीआडून अर्धा डोकावताना किरणांची चांदणी हवी असेल तर. तेव्हा लेन्सच्या पडद्याची पाती मोजा. पाती सम असतील तर तितकीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. 7 पात्यांना 14.

---

सावलीचा_हिशेब:

वर तिपाईंनी सांगितलंय ते रुंद लेन्सचं. पण टिकलीएवढ्या सूर्याचं उत्तर त्यात नाही, ते 70-300 मध्ये आहे.

सूर्याचा व्यास अर्ध्या अंशाहून जरा जास्त, 0.53. सेन्सरवर त्याचं बिंब फोकल लेंग्थच्या 109 व्या भागाएवढं पडतं. तुमच्या कॅमेऱ्याची चौकट 6000 पिक्सेल रुंद. 18 एमएमला सूर्य त्यात 40 पिक्सेल, 55 ला 130 च्या आसपास, 300 ला 700. त्यामुळे किटच्या लेन्सने सूर्याचा फोटो काढायचाच नाही, तिने सूर्यामुळे जमिनीचं काय झालं त्याचा काढायचा. सूर्य हवा असेल तर 300.

300 एमएमला हिशेब अंतराचा. कुठलीही वस्तू तिच्या आकाराच्या 109 पट लांबून पाहिली की सूर्याएवढी दिसते. बाभळ 6 मीटर उंच धरली तर 650 मीटरवरून ती आणि सूर्य बरोबरीचे. पण तेव्हा बाभळही चौकटीत लहानशीच येते. त्यापेक्षा 200 मीटरवर या: झाड सुमारे 2300 पिक्सेल, सूर्य त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा लहान, फांद्यांची जाळी त्यावर ठसठशीत उमटते. ढालगावकडच्या पवनचक्क्या घ्यायच्या असतील तर उलटं, तिथे लांब जावं लागतं. पात्यांचं चक्र 30 मीटरचं असेल तर सूर्याएवढं दिसायला सव्वातीन किलोमीटर.

आता उभं कुठे राहायचं. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे उगवता सूर्य (उत्तरेपासून मोजून) 114 वरून 112 अंशांवर सरकतो, म्हणजे बराच आग्नेयेकडे. नेमक्या पूर्वेला तोंड करून थांबलात तर बावीस-चोवीस अंश उजवीकडे उगवेल. दिवसाला एक-दोन दशांश अंशाचाच फरक पडत असल्यामुळे आज सापडलेली जागा उद्याही चालते, 200 मीटरवर अर्ध्या मीटरचा फेर. मार्चमध्ये ही चैन नाही, तेव्हा रोज 0.4 अंश सरकतो.

फोनच्या होकायंत्रावर भरवसा ठेवून जागा पक्की करू नका. गाडीच्या बॉनेटजवळ किंवा चुंबक असलेल्या फोनच्या कव्हरात तो 5-10 अंश सहज चुकतो, आणि 200 मीटरवर 5 अंश म्हणजे 17 मीटर. पहिली सकाळ फक्त पाहण्यासाठी खर्ची घाला: सूर्य क्षितिजावरच्या कुठल्या खुणेवर उगवला ते बघून ठेवा, खांब, टेकाडाची खोबण, काहीही.

उगवल्यावर तो सरळ वर जात नाही, तिरपा उजवीकडे जातो. दर 10 मिनिटांत दोन अंशांहून थोडा जास्त वर आणि पाऊण अंश दक्षिणेला. 200 मीटरवर एक सूर्यबिंब म्हणजे दोन मीटरांपेक्षा थोडं कमी अंतर. तेव्हा सूर्य झाडाच्या उजवीकडून निसटतोय असं दिसलं तर तुम्ही डावीकडे दोन पावलं सरका, तो परत फांद्यांत येतो. सपाट रानात तो 6 मीटरच्या झाडाच्या शेंड्यात सात-आठ मिनिटांनी पोचतो. मधे टेकडी असेल तर वेगळं: एक किलोमीटरवरची 100 मीटर उंच टेकडी जवळजवळ 6 अंश अडवते, म्हणजे 25-30 मिनिटं उशीर आणि दोन अंश उजवीकडे. वेळ सांगणारी ॲपं सपाट क्षितिज धरतात, हे विसरून लोक ॲपला शिव्या घालतात.

फोकस बाभळीवर, एफ 8 ते 11. सूर्याची कड किंचित मऊ येईल, ती खपते. एकाच क्षणाचे 10-15 फोटो घ्या, कारण एवढ्या अंतरावरची हवा लहरते आणि त्यातले दोन-तीनच कडक निघतात.

एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका: 300 एमएम लावून डोळ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्य पाहायचा नाही. बिंब लाल आणि मवाळ वाटलं तरी नाही. लाइव्ह व्ह्यूवर चौकट लावा, आणि फोटो झाला की लेन्सचं तोंड फिरवा किंवा टोपी घाला. सूर्यावर रोखून ठेवलेली टेलिफोटो शटरचा पडदाही जाळू शकते.

---

कासप्रेमी:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कासला या की राव.

---

सावलीचा_हिशेब:

जानेवारीत कासला फुलं नाहीत, उघडा कातळ आणि वाळलेलं गवत आहे. तोच माळ हवा तर माणदेशातला काय वाईट?

---

कुसळी:

आकडेमोड वर झाली. मी खालचं सांगते, जमिनीवरचं.

दहिवर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि वस्तू आपली उष्णता आभाळाला देऊन टाकतात. लेन्सची समोरची काच उघड्या आभाळाकडे तोंड करून असते, म्हणून ती भोवतीच्या हवेपेक्षाही थंड पडते आणि पाणी धरते. उगवतीच्या आसपास थंडी सगळ्यात जास्त, म्हणून तुम्हाला सातच्या सुमाराला त्रास. उपाय पुसण्याचा नाही, काच थंड होऊ न देण्याचा. लेन्सहूड लावलेलाच ठेवा, तो आभाळ अडवतो. दोन फोटोंच्या मध्ये टोपी घाला किंवा लेन्स खाली झुकवून ठेवा. पॉवरबँकेवर चालणारा गरम पट्टा मिळतो, तो लेन्सच्या तोंडाशी गुंडाळून सहा वाजताच सुरू करा. काच एकदा ओली झाल्यावर पट्टा लावून ती सुकायला वेळ लागतो आणि तेवढ्यात रंग जातो. ओली झालीच तर कोरड्या मायक्रोफायबरने टिपा, घासू नका. धुळीवर दहिवर म्हणजे चिखल, तुमचे फराटे तेच आहेत. आधी ब्लोअर, मग टिपणं. तोंडाने फुंकर तर अजिबात नको, ती वाफच असते. आणि काम झाल्यावर गार कॅमेरा एकदम उबदार गाडीत उघडा ठेवू नका. पिशवीची चेन लावून अर्धा तास तसाच राहू द्या.

ट्रायपॉड. हलका आहे तर मधला दांडा वर काढायचाच नाही. पायाचे सगळ्यात खालचे बारीक भाग शेवटी उघडा. पिशवी हुकाला लटकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी, अधांतरी झुलणारी पिशवी वाऱ्यात ट्रायपॉडच हलवते. मुरमात पाय दाबून बसवा, खाली चपटा दगड असेल तर सरकवून घ्या. पण दगड हाताने उचलायचा नाही. या भागात फुरसं असतं आणि थंडीत ते दगडाखालीच दडून बसतं. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, बॅटरी पायाकडे. शटर 2 सेकंदांच्या टायमरवर, आरसा आधी उचलायची सोय असेल तर ती वापरा, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद.

कुसळी गवतातून चालणार असाल तर लोकरी मोजे घालू नका. कुसळं मोज्यातून आत शिरतात, ट्रायपॉडच्या पिळाच्या कुलुपांत अडकतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लेन्स पुसायच्या फडक्यात बसतात. फडकं चेनच्या पाकिटात. हेच गवत सूर्याच्या उलट्या प्रकाशात सोन्यासारखं पेटतं, त्यामुळे टाळताही येत नाही. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा आणि सूर्य गवताच्या तुऱ्यांमागे येऊ द्या.

लेन्स बदलताना पाठ वाऱ्याकडे, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे. सेन्सरवरची धूळ एफ 11 ला निरभ्र आकाशात काळ्या ठिपक्यांसारखी दिसते आणि जानेवारीत आकाश निरभ्रच असतं. त्यावरून आठवलं: ढगच नसतील तर सूर्याकडचं आकाश कोरडं येतं. उगवतीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पाठीमागे, पश्चिमेला बघा. क्षितिजाला लागून निळसर-करडा पट्टा असतो, ती पृथ्वीची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. रंग हलका, फरक कमी, तीन फोटो जोडायचीही गरज नाही. शालूची कणसं त्या गुलाबीवर 100 एमएमला सुरेख बसतात.

माणसं. शालू उभा असतो, रान कुणाचं तरी असतं. बांधावरून चला, पिकात ट्रायपॉड रोवू नका, आणि आदल्या दिवशी मालकाला विचारून ठेवा. दिवस हुरड्याचे आहेत, बसवून घेतील. नाही म्हणू नका, पण उगवतीच्या आधी बसू नका.

मेंढरांचा वाडा दिसला तर सरळ त्याच्याकडे चालत जाऊ नका, कुत्री अंगावर येतात. लांबूनच "ओ मामा" म्हणून हाक द्या, बॅटरी खाली ठेवा, मामांनी कुत्री आवरली की पुढे. धुरळ्यातल्या मेंढरांचा फोटो डोक्यात असेल तर दोन अडचणी आहेत. दिवाळीनंतर बरेच वाडे कोकणात उतरलेले असतात. आणि जे असतात तेही बहुतेक दहिवर वाळल्यावर सुटतात, तोवर प्रकाश कडक झालेला असतो. मुक्काम हलवायचा दिवस असेल तर पहाटे हालचाल मिळते. ते मामांनाच विचारायचं.

---

उघडा_माळ:

तिघांचेही आभार, विशेषतः लाल-हिरव्याच्या हिशेबाबद्दल. दोनच शंका. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर काळसर, खाली पारदर्शक काच) घेतला तर तीन फोटो जोडायची कटकट वाचेल का? आणि राजेवाडीच्या तलावावर हेच चालेल का?

---

तिपाई:

फिल्टर घ्याच, पण कुठला ते बघून. माळाचं क्षितिज सरळ असतं, म्हणून दुकानदार तुम्हाला कडक रेघेचा, 3 स्टॉपचा देईल. नुसत्या माळावर तो चालतो. बाभळ किंवा पवनचक्की क्षितिजाच्या वर आली की तिचा वरचा भाग काळा पडतो आणि बुंधा उजळ राहतो, ते लगेच खटकतं. मऊ उताराचा घ्या. गोल, लेन्सवर फिरवून बसणारा घेऊ नका, त्यात रेघ कायम मध्यावर अडकते. चौकोनी काच आणि होल्डर घ्या. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) मात्र 18 एमएमला लावू नका. त्याचा परिणाम सूर्यापासून 90 अंशांवर सर्वांत जास्त, त्यामुळे रुंद चौकटीत आकाशात एक काळसर पट्टा उमटतो.

आणि पवनचक्की असेल तर तीन फोटो जोडणं अवघडच, पाती तिन्हींत वेगळ्या जागी असतात. मिनिटाला 20 फेरे धरले तर 1 सेकंदात पातं 120 अंश फिरतं, म्हणजे तीन पात्यांनी सगळं चक्र भरून निघतं आणि फोटोत नुसतं धुकट वर्तुळ राहतं. 1/4 सेकंदाला 30 अंशांची फराट येते, फिरतंय एवढं कळतं. गोठवायची तर 1/250. तिथे एक रॉ फोटो आकाश सांभाळून घ्या आणि जमीन संगणकावर उचला.

---

कुसळी:

राजेवाडीला चालेल, पण पश्चिमेच्या काठावर उभं राहा. प्रतिबिंबाला वारा पडलेला हवा, आणि तो बहुधा सूर्य वर आला की सुटतो. म्हणजे तिथे तुमची वेळ उगवतीच्या आधीचीच. गारठा जास्त असेल तर पाण्यावर वाफ उठते, ती 70-300 ने 150 च्या पुढे घ्या. 18 ला ती दिसतच नाही. पाणी मागे हटलेला काठ वरून वाळलेला दिसतो, खाली गाळ असतो. ट्रायपॉडचा एक पाय आधी दाबून बघा, हातभर गेला तर मागे या. आणि तिथे दहिवर माळापेक्षा जास्त, गरम पट्टा साडेपाचलाच सुरू करा.